यकृत शाबूत असताना रक्ताची उलटी

अंगाने किरकोळ, पण एरवी हिंडतेफिरते असे आठ-दहा वर्षांचे मूल एका रात्री अकस्मात ताजे रक्त ओकते, तेव्हा घरातल्या मंडळींची पाचावर धारण बसावी यात नवल नाही. दुसऱ्या दिवशी तपासावे, तर कावीळ नाही, पोटात पाणी नाही, रक्तातील बिलिरुबिन व अल्ब्युमिन जवळजवळ यथास्थित. फक्त डाव्या बरगडीखाली वाढलेली प्लीहा, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात, बोटांना ठळकपणे लागते. ही प्लीहा पुष्कळदा आधीपासूनच वाढलेली असते आणि हिवतापाच्या खाती जमा करून विसरली गेलेली असते.

आतडी आणि प्लीहा यांतील रक्त ज्या पोर्टल नीलेच्या वाटेने यकृतात येते, तिच्यातील दाब सामान्यतः 5 ते 10 मिलिमीटर पारा इतका असतो. सिरोसिसमध्ये यकृत कठीण होऊन हा दाब चढतो हे सर्वश्रुत असल्यामुळे, दाब चढला की सिरोसिसच, असा निकाल घाईने दिला जातो, आणि दारूला जन्मात न शिवलेल्या माणसाकडेही सोयरेधायरे संशयाने पाहू लागतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. पाटात गाळ साचून पाणी मागे तुंबले, तर त्याचा दोष शेताकडे जात नाही. येथेही अडथळा यकृताच्या अलीकडे किंवा त्यात शिरलेल्या नीलेच्या फांद्यांतच असतो आणि खुद्द यकृताचा कारभार बहुतांशी सुरळीत चाललेला असतो.

आपल्या देशात सिरोसिसवाचून दाब चढण्याच्या या विकाराचे दोन प्रकार विशेषेकरून आढळतात. मुलांमध्ये मूळ नीलाच गुठळीने बंद झालेली असते. नवजात अवस्थेत नाळेला झालेला जंतुसंसर्ग किंवा रक्त गोठण्याची उपजत प्रवृत्ती ही त्याची काही ज्ञात कारणे असली, तरी पुष्कळ मुलांत कारणाचा मागमूस लागत नाही. बंद नीलेभोवती शरीर बारीक शिरांचे जाळे विणून रक्ताला आडवाट करून देते, आणि डॉप्लर सोनोग्राफीत ते जाळे दिसले की निदानाची रुजुवात होते. दुसरा प्रकार तरुण व मध्यम वयातला. यात मूळ नीला मोकळी असून यकृतातील तिच्या बारीक फांद्या जाड व अरुंद होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 1969 साली याला ‘नॉन-सिर्‍हॉटिक पोर्टल फायब्रोसिस’ हे नाव दिले. पाण्यातून दीर्घकाळ पोटात गेलेले आर्सेनिक हे त्याचे एक कारण पश्चिम बंगालमधील रुग्णांत दिसून आले आहे.

या दुसऱ्या प्रकाराचे निदान मात्र सबुरीने करावे लागते. दुर्बिणीने अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा दिसतात, प्लीहा मोठी झाल्याने प्लेटलेट व पांढऱ्या पेशी उणावतात. पण हे सिरोसिसमध्येही घडते. म्हणून हिपॅटायटिस बी व सी यांसारखी सिरोसिसची कारणे तपासून दूर सारावी लागतात, फायब्रोस्कॅनने यकृताचा कठीणपणा मोजावा लागतो, आणि जेथे सोय असेल तेथे मानेच्या शिरेतून नळी घालून यकृतातील दाबाचा फरक पाहावा लागतो. सिरोसिसमध्ये रक्तस्राव होण्याइतका दाब चढला असता हा फरक 10 च्या वर जातो. येथे अडथळा अलीकडे असल्यामुळे तो सहसा त्याखालीच राहतो. तरीही अखेरचा शब्द यकृताच्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शी तपासणीचा. ती सुचविली गेली तर भिऊन टाळू नये.

इतकी यातायात करावयाची ती भवितव्य निराळे असते म्हणून. यकृत धड असल्याने हे रुग्ण रक्तस्रावातून सिरोसिसच्या रुग्णापेक्षा पुष्कळच बरे सावरतात. शिरांना रबरी बँड बांधणे, प्रोप्रानोलोलसारखी औषधे आणि योग्य मुलांत रक्ताची वाट पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया यांमुळे बहुतेकांना दीर्घायुष्य लाभते. मात्र केवळ प्लीहा काढण्याची तजवीज कोणी सुचविली, तर पोटविकारतज्ज्ञाचा दुसरा सल्ला घेतल्यावाचून रुकार देऊ नये. कारण तिच्यासोबत पुढच्या शस्त्रक्रियेची एक वाटही बंद होऊ शकते.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णास मनाने देऊ नयेत. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर सकाळ उजाडण्याची वाट न पाहता, दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच घटकेस न्यावे, आणि जुने सोनोग्राफीचे व रक्ततपासणीचे सर्व कागद आठवणीने बरोबर घ्यावेत.