आधी कौन्सिलची परवानगी, मग अंगणात फरशी

लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. ती घरीच चार्ज करता यावी म्हणून त्यांनी दारापुढची बाग काढून फरशी घालून घेतली आणि मग फूटपाथची कड उतरवून मिळावी, असा अर्ज कौन्सिलकडे केला. तो नामंजूर झाला. निरीक्षकाने घराच्या भिंतीपासून फूटपाथपर्यंत टेप लावली, तर जागा साडेचार मीटरही भरली नाही. गाडीचा मागचा भाग फूटपाथवर आला असता आणि बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊन जाणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागलं असतं. अर्जाची फी परत मिळणार नव्हती. बाग तर आधीच गेली होती.

आता ओळखीत कुणी घर घेतलं की ती दोघं सर्वांत आधी टेप काढायला सांगतात.

इंग्लंडमध्ये अंगण घरमालकाचं असलं, तरी पुढचा फूटपाथ सार्वजनिक रस्त्याचाच भाग असतो. तिथून गाडी आत न्यायची वाट १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १८४ खाली करून घ्यावी लागते. खर्च घरमालकाचा. सुमारे दहा सेंटिमीटर उंचीचे कर्बचे दगड काढून जेमतेम अडीच सेंटिमीटर वर राहतील असे बसवायचे, दोन्ही बाजूंना उतरते दगड लावायचे आणि गाडीचं वजन पेलेल इतका फूटपाथ मजबूत करायचा, असं हे काम असतं. खालून गॅस, पाणी, विजेच्या लाइन जातात. त्या हलवाव्या लागल्या तर तो भुर्दंडही अर्जदारावरच. म्हणून काम कौन्सिल स्वतः करते किंवा मान्यताप्राप्त ठेकेदारालाच करू देते.

अर्जाआधी कौन्सिलचे नियम वाचावेत. बऱ्याच ठिकाणी अंगणाची खोली किमान ४.८ ते ५ मीटर लागते. दारासमोर झाड, दिव्याचा खांब, बसथांबा किंवा जवळच चौक असेल, तर नकार येऊ शकतो. रस्ता ए, बी किंवा सी वर्गातला असेल, तर नियोजन विभागाची वेगळी परवानगी लागते. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. फरशीचंही तसंच. १ ऑक्टोबर २००८ पासून पुढच्या अंगणात ५ चौरस मीटरहून जास्त जागेवर पाणी न झिरपणारी फरशी घालायची, तर परवानगी हवी. फरशीतून पाणी मुरत असेल किंवा शेजारच्या वाफ्यात जिरत असेल, तर ती लागत नाही.

परवानगीशिवाय फूटपाथवरून गाडी नेत राहिलं, तर कौन्सिल नोटीस काढून वाट बांधू शकते आणि खर्च वसूल करू शकते.

मंजुरीचे कागद जपून ठेवावेत, कारण घर विकताना खरेदीदाराचे वकील ते मागू शकतात. तयार उतार असलेलं घर घेतानाही करारावर सही करण्याआधी मंजुरीची प्रत मागून घ्यावी.