पांढरे जाणे आणि दिवस राहणे
(नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे)



उपकेंद्रात एखादी बहीण येते आणि हळू आवाजात नर्सबाईंना विचारते, "बाई, मागच्या आठवड्यात साधन न वापरता संबंध आला. आता अंगावरून पांढरं जातंय. दिवस तर गेले नसतील ना?" दुसरी म्हणते, "नंतर सगळं बाहेर आलं. म्हणजे आता भीती नाही ना?"

दोघींचा प्रश्न रास्त आहे आणि दोघींना उत्तर एकच आहे. पांढरे पाहून दिवस राहिले की नाही हे कळत नाही. पाहायच्या त्या दोन तारखा : पाळीची आणि संबंधाची.

पांढरे का जाते?

वयात आलेल्या प्रत्येक बाईच्या अंगावरून थोडे पांढरे जातेच. त्याने योनीमार्ग ओला आणि स्वच्छ राहतो. हा आजार नव्हे आणि त्याने अंगातली ताकदही जात नाही. महिन्याभरात ते बदलते. पाळीनंतर कमी असते. बीज बाहेर पडायच्या सुमारास ते अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखे स्वच्छ, बुळबुळीत होते. दोन बोटांत धरले तर तार येते. पुढे ते दाट होते. पाळी जवळ आली की काहींना जास्त जाते. दिवस राहिल्यावरही जास्त जाते. मग नुसते बघून फरक कसा कळणार?

सगळे बाहेर आले तर?

संबंधानंतर वीर्य बाहेर ओघळते, हे खरे. पण शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडात शिरतात. मग उठून बसले, लघवी केली किंवा आत पाणी घेऊन धुतले, तरी उपयोग होत नाही. उलट आतून धुतल्याने आजार होऊ शकतो. नवऱ्याने वेळेवर बाजूला होणे हाही भरवशाचा उपाय नाही, कारण आधी येणाऱ्या पाण्यातही शुक्रजंतू असू शकतात.

धोक्याचे दिवस कोणते?

स्त्रीबीज साधारण पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी बाहेर पडते आणि फार तर एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र आत 5 दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीज पडण्याआधीच्या पाच दिवसांतला संबंधही धोक्याचा ठरतो.

जिची पाळी 28 दिवसांनी येते, तिचे बीज 14 व्या दिवसाच्या आसपास पडते. जिची 35 दिवसांनी येते, तिचे 21 व्या दिवसाच्या आसपास. पण पाळी दर महिन्याला ठरल्या दिवशी येतेच असे नाही. पेरणीजोगा वाफसा थोडेच दिवस असतो, पण तो नेमका कधी येईल हे पंचांग सांगत नाही. तसेच हे आहे. बाळंतपणानंतर तर पहिली पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. म्हणून दिवस मोजून निर्धास्त राहू नका.

साधन न वापरता संबंध आला तर?

वाट पाहत बसू नका. 72 तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांत, तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्या. ती आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळते. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. या गोळीने राहिलेला गर्भ पडत नाही आणि पुढच्या संबंधाला तिचे संरक्षणही नाही. ती अडीअडचणीची आहे, रोजच्या वापराची नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली, तरी गर्भ राहणे टळते आणि पुढे अनेक वर्षांची काळजी मिटते.

दिवस राहिले का?

पाळी चुकली की लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे त्यासाठी 'निश्चय' किट असते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. दोन रेघा उमटल्या तर दिवस राहिले. एकच उमटली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

मूल हवे असेल तर लगेच नाव नोंदवा. नको असेल तर गावठी काढा, काडी असले काही करू नका, जिवावर बेतते. 1971 च्या कायद्याने, 2021 च्या दुरुस्तीनुसार, ठरलेल्या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

कोणते पांढरे रोगाचे?

नासलेल्या दुधाच्या गाठींसारखे जाते आणि खाज सुटते, पिवळे, हिरवे किंवा घाण वासाचे जाते, रक्तमिश्रित जाते, सोबत ओटीपोटात दुखते, ताप येतो किंवा लघवीला आग होते. यातले काहीही असले तर 'धुपणी आहे, जाईल आपोआप' म्हणून अंगावर काढू नका. अंगावर काढलेला आजार गर्भनळीपर्यंत पोचला, तर पुढे मूल हवे असतानाही राहण्यात अडचण येऊ शकते. काही आजार संबंधातून पसरतात. तेव्हा औषध दोघांनी घ्यायचे आणि बरे होईपर्यंत संबंध टाळायचा किंवा निरोध वापरायचा.

नवऱ्यांनो, ही काळजी एकट्या बायकोची नाही. निरोध, माला-एन आणि छाया गोळ्या, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन, तांबी ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पुरे मुले झाली असतील तर पुरुष नसबंदीही आहे. दोघे मिळून या, विचारा आणि आपल्याला सोसेल ते निवडा.

ध्यानात ठेवा :
पाळीची तारीख लिहून ठेवा.
साधन राहून गेले, तर तीन दिवसांत गोळी.
पाळी चुकली, तर तपासणी.
वास, खाज, दुखणे असेल, तर दवाखाना.

लाजू नका, विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.