फेल्ट हॅट : तिची घडण, माप आणि निगा

विद्यार्थिमित्रहो, मनुष्याच्या पोशाखात मस्तकावरील वस्त्रास जो मान आहे, तो अन्य कोणत्याही वस्त्रास नाही. आपल्या मराठी भाषेकडेच पाहा. पगडी, पागोटे, फेटा, पटका, मुंडासे, रुमाल आणि टोपी अशी किती तरी नावे तिच्यात आहेत. कोणी फसविले तर त्याने आपणास टोपी घातली असे आपण म्हणतो. समुद्रापलीकडून आलेल्या इंग्रज, फिरंगी, वलंदेज इत्यादी व्यापाऱ्यांस आपल्या पूर्वजांनी ‘टोपीकर’ हेच नाव दिले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही ते आढळते. त्या टोपीकरांच्या टोप्यांपैकी एक जी फेल्ट हॅट, तिचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पूर्वी आपल्याकडे डोक्यावर काय घालावे हे बहुधा ज्याचे त्याने ठरवावयाचे नसे. पागोट्याच्या घडणीवरून माणसाची जात, धंदा व प्रांत ओळखला जाई, आणि पगडी बांधून देणारे कुशल कारागीर, ज्यांस पगडबंद म्हणत, ते त्या त्या रीतीप्रमाणेच ती बांधून देत. फेल्ट हॅटची गोष्ट निराळी आहे. ती पुष्कळदा साध्या घुमटाच्या आकारात मिळते; तिला खाच कोठे पाडावी, काठ किती झुकवावा, हे धारण करणाऱ्याने ठरवावयाचे असते. जेथे निवड आली तेथे विवेकही आला पाहिजे. आपल्या स्नेहसंमेलनात सरदार भगतसिंगांची भूमिका करणाऱ्या मुलास ही टोपी लागते, आणि कित्येकांच्या घरी आजोबांची जुनी हॅट ट्रंकेत चेपून पडलेली असते. म्हणून ही विद्या निरुपयोगी खास नाही.

प्रथम फेल्ट म्हणजे काय ते पाहू. फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. त्यास आपण नमदा म्हणतो. लोकरीच्या किंवा सशाच्या केसावर अतिसूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल व घर्षण यांच्या योगाने केस एकमेकांत सरकतात व खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. अशा रीतीने ताणाबाणा नसताही दाट थर तयार होतो. आपल्या देशावर धनगरी लोकरीची ‘जेन’ नावाची बैठक याच तत्त्वाने करतात. टोपीस ताठरपणा यावा म्हणून तिला लाखेचे द्रावण देतात. लाखेचा किडा ज्या झाडांवर पोसला जातो त्यांत पळसही आहे. आपल्या पळस्प्याच्या नावात ज्याचा ध्वनी ऐकू येतो, तोच हा वृक्ष!

या सुंदर वस्तूमागे एक दुःखद इतिहास आहे. सशाचे केस लवकर गुंतावेत म्हणून युरोप व अमेरिकेतील कारखान्यांत त्यांस पाऱ्याचे क्षार लावीत. त्या पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाऊन कामगारांचे हात कापू लागत, वाचा अडखळे, स्वभाव चिडखोर व भित्रा होई. कित्येक पिढ्या हे चालले, आणि अमेरिकेत ही पद्धत १९४१ साली बंद झाली. आपण जे मिरवितो ते करताना कोणाचे हात झिजले, हे जाणणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

आता माप. कपाळाच्या मध्यावरून व कानांच्या किंचित वरून फीत फिरवून मस्तकाचा घेर मोजावा. घेर २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, भरला असे समजा. त्यास २२/७ ने भागले असता ७ येतात; हेच अमेरिकेतील टोपीचे माप होय, आणि इंग्रजी माप त्याहून एक अष्टमांश कमी असते. वर्तुळाच्या परिघावरून व्यास काढण्याचे तुमच्या भूमितीतील गणित ते हेच! परंतु मस्तक काही खरे वर्तुळ नव्हे. ते लांबट असते, आणि प्रत्येकाचे निराळे असते. म्हणून माप जुळूनही टोपी कपाळावर रुतते व बाजूंनी सैल राहते. टोपी सैल असेल तर आतील चामड्याच्या पट्टीमागे कागदाची किंवा नमद्याची अरुंद पट्टी घालावी. घट्ट असेल तर पट्टीस थोडी वाफ देऊन हलकेच ताणावी. एकदम जोर केल्यास शिवण उसवते.

घडण देण्याचे साधन म्हणजे किटलीची वाफ. हे काम वडील माणसांच्या समक्षच करावे, कारण वाफेने हात भाजतो. जो भाग वळवावयाचा तो वाफेपासून वीतभर दूर धरावा. थोड्याच वेळात नमदा मऊ होतो; तो भिजू मात्र देऊ नये. मग हाताच्या कडेने माथ्याच्या मध्यावर लांबट खाच पाडावी, आणि पुढील बाजूस दोन्हीकडून बोटांनी हलके दाबावे. काठ पुढे किंचित खाली व मागे वर वळवावा. टोपी निवेपर्यंत आकार तसाच धरून ठेवावा. ऊब व ओल यांनी केसातील सूक्ष्म बंध सैल होतात आणि थंड होऊन वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, हे त्याचे कारण होय. आकार न साधल्यास पुन्हा वाफ द्यावी. घाई करू नये.

कोणता आकार कोणास शोभेल? चेहरा लांबट असेल तर माथा ठेंगणा व काठ जरा रुंद ठेवावा. चेहरा वाटोळा असेल तर माथा उंच ठेवून खाच ठळक पाडावी. देह ठेंगणा असेल त्याने फार रुंद काठ टाळावा. तथापि हे नियम म्हणजे केवळ वाटाड्ये होत. शेवटचा निवाडा आरशाने व एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राने द्यावा.

आपल्या कोकणच्या हवेत टोपीची निगा राखणे अधिकच अगत्याचे आहे. पावसात भिजली तर पाणी झटकून, आतील पट्टी बाहेर वळवून ती सावलीत वाळवावी. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवल्यास चामडे आखडते. टोपी उचलताना माथ्याची चिमटी धरू नये, तेथे पुढे भोक पडते, काठास धरावे. ठेवताना ती उताणी ठेवावी, म्हणजे काठ वाकत नाही. मऊ ब्रशाने वरचेवर धूळ झाडावी, नाही तर कसर लागून टोपीची चाळण होते.

शेवटी एक ऐतिहासिक प्रसंग सांगतो. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सवधानंतर भगतसिंग लाहोरहून निसटले, ते केस कापून व फेल्ट हॅट घालून, साहेबी वेषात. दुर्गादेवी व्होरा त्यांच्या पत्नी म्हणून, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम राजगुरू नोकर म्हणून सोबत होते. पुढे एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीच्या एका स्टुडिओत काढलेले भगतसिंगांचे हॅटमधील छायाचित्र देशभर पसरले. एकाच्या डोक्यावर साहेबाची टोपी, दुसऱ्याच्या खांद्यावर साहेबाचे सामान; परंतु २३ मार्च १९३१ रोजी दोघेही सुखदेवांसह एकाच वेळी फासावर गेले. वेषाने ठरविलेली पायरी तेथे उरली नाही.

तेव्हा मित्रहो, संमेलनात ती टोपी घालणाराने तिचा काठ नीट वळवावाच. पण नोकराची भूमिका ज्याच्या वाट्यास येईल त्यानेही आपणास कमी लेखू नये. आणि पालकहो, मुलाने आजोबांची हॅट मागितली तर ती हसण्यावारी न नेता किटली चुलीवर ठेवावी, आणि ती हॅट कोठून आली ते त्यास सांगावे.