वादळात टिकणारे घर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौले फुटली, पत्रे उडाले. छप्पर गेलं, पण जांभ्याच्या भिंती उभ्याच, अशी घरं पुष्कळ दिसली. असे का बरे झाले?

वारा घराला नुसता ढकलत नाही. छपराला वर उचलतो. करून पाहा! कागदाची लांब पट्टी ओठांखाली धरा आणि तिच्या वरून जोरात फुंकर मारा. पट्टी वर उठते ना? छपराचेही तसेच होते. दार-खिडकी फुटून वारा आत शिरला, तर तो आतूनही रेटतो. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा जोर चौपट होतो.

कोकणातल्या जुन्या घरांकडून काय शिकावे?

१. घर बुटके, छप्पर चांगले उतरते. सपाट छप्पर लवकर उचलले जाते.

२. चौपाखी छप्पर. दुपाखी घराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा आदळतो. चौपाखीवरून तो घसरून जातो.

३. पडवीचे छप्पर वेगळे व खाली. पडवी उडाली तरी माजघर वाचते.

४. समुद्राच्या बाजूला झाडांची दाट रांग. पण उंच माड घरावर पडेल इतका जवळ नको.

जुन्या घरांत एक उणीव असते. कौले आणि वासे बहुधा वजनावरच बसलेले असतात. म्हणून वासे लोखंडी पट्टीने भिंतीला जखडावेत. कडेची व आढ्यावरची कौले चुन्या-सिमेंटात बसवावीत. पत्र्याला नुसता खिळा नको. हूक, वायसर आणि नट हवा. उडालेला पत्रा माणसाचा जीव घेतो.

पालकांनो, पावसाळ्याआधी घर शाकारताना एवढे पाहा:

वासा भिंतीला बांधलेला आहे का?
कुजलेली रीप बदलली का?
दाराची कडी-बिजागरी घट्ट आहे का?

आणि घर कच्चे असेल, तर इशारा मिळताच पक्क्या इमारतीत जावे. वारा सुटल्यावर छपरावर चढू नये. कौल पुन्हा आणता येतं, माणूस आणता येत नाही!