स्वीडनच्या उत्तरेला घर करताना

उमेओ, लुलेओ, किरुना या भागात नव्याने येणारी मंडळी आधी जॅकेटची चौकशी करतात. जॅकेट इथे कुठेही मिळतं. आधी घर समजून घ्या, असं इथे रुळलेली मराठी कुटुंबं आवर्जून सांगतात. किरुनाला हिवाळ्यात पारा कधीकधी उणे 30च्याही खाली उतरतो, तरी घरात 20-21 अंशांत साध्या कपड्यांत वावरता येतं. कोकणातलं घर वारा खेळावा म्हणून बांधलेलं असतं, इथलं वारा अडावा म्हणून.

जुन्या घरात बाहेरचं दार उघडून थेट बैठकीत जाता येत नाही. मध्ये छोटी खोली, मग दुसरं दार. पहिलं लागल्यावरच दुसरं उघडायचं. पाहुण्यांना निरोप देताना दारात उभं राहून अर्धा तास बोलायची आपली रीत इथे चालत नाही. गप्पा आतच उरका.

भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या. फटींत वाळकं शेवाळ ठासलेलं, माळ्यावर लाकडाचा भुसा. भुशात कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते.

खिडक्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. पूर्वी शरद ऋतूत मूळ खिडकीच्या आतून दुसरी खिडकी बसवत आणि तिच्या कडांवर कागदी पट्ट्या चिकटवत. दोन्ही काचांच्या मध्ये ओल शोषायला कापूस पसरत, त्यावर शोभेला सुकी फुलं. आतली खिडकी घट्ट आणि बाहेरची किंचित सैल, यात मोठं शहाणपण आहे. घरातली वाफ काचांमध्ये शिरू नये, आणि शिरलीच तर बाहेर निघून जावी. म्हणून जुन्या घरात गार वाटलं, की बाहेरच्या फटी बुजवत सुटू नका. आतल्या कडेची पट्टी बदला. रेडिएटर खिडकीखाली असतो, कारण काचेपाशी गार झालेली हवा खाली पायांवर उतरते आणि रेडिएटरची गरम हवा तिला थोपवते. त्याच्यापुढे सोफा लावू नका, लांब पडदाही सोडू नका.

काही घरांत छतापर्यंत पोचणारी टाइल्सची शेगडी दिसेल. तिचं नाव काकेलुंग्न. सरपणाची टंचाई होती म्हणून 1767 मध्ये क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी तिची रचना सुधारली. धूर सरळ चिमणीत न जाता आतल्या नळ्यांतून वरखाली फिरतो आणि आपली उष्णता विटांना देतो. तास-दोन तास जाळ केला, की पुढे कितीतरी तास शेगडी ऊब देत राहते. चिमणी तपासनिसाने परवानगी दिल्याशिवाय ती पेटवू नका. कित्येक जुन्या शेगड्या वापरायला बंदी असते. निखारे पुरते विझण्याआधी धुराची झडप लावली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो. अलार्म लावाच.

राहिला आपला स्वयंपाक. फोडणी, कुकरची वाफ, घरातच वाळत घातलेले कपडे, ही सगळी ओल गार कोपऱ्यात जाऊन बसते आणि बुरशी धरते. कपडे इमारतीच्या सामाईक वाळवणीच्या खोलीत न्या. गार हवा येते म्हणून खिडकीवरचा झरोका कागद कोंबून बंद करू नका. जेवण झालं की समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडा आणि लावून टाका. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवली तर भिंतीही गारठतात. पाच मिनिटांत फक्त हवा बदलते.