कोठीचा कारभारी

टंचाईची नुसती कुणकुण लागली की पिशव्या घेऊन निघणाऱ्या लोकांत मी मोडतो. घरात हे खातं मला कुणी दिलेलं नाही, मी ते बळकावलं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, जिथे माणसांनाच जागा पुरत नाही तिथे, गहू-तांदूळ-डाळी भरून ठेवता ठेवता जे कळत गेलं ते असं आहे. सल्ले नाहीत हे. रव्याच्या बाबतीत तर माझा सल्ला कुणी घेऊच नये, असं आमच्या हिचं स्पष्ट मत आहे.

१. घरात गहू आहे म्हणजे घरात पोळी आहे, असं नसतं. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि खाली किराणा दुकानापुढे झुंबड उडाली, तेव्हा मी गॅलरीत निवांत उभा होतो. लोकवनाचं पोतं आधीच घरात येऊन पडलं होतं. दुसऱ्या दिवशीचा पाडवाही झोकात झाला. मग डब्यातली कणीक संपली आणि लक्षात आलं, की आमच्या कोपऱ्यावरची गिरणी बंद आहे. गिरणीवाला गावी जाऊन अडकला होता. भरल्या पोत्याशेजारी बसून आम्ही दोन्ही वेळा भात खाऊ लागलो. मिक्सरमध्ये गहू भरडून खीर झाली, दलिया झाला, पण पोळी काही होईना. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे घरघंटी आहे असा शोध लागला. एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. त्या महिन्यात आमच्या इमारतीत त्यांच्याइतकं वजन कुणालाच नव्हतं. डब्यावर नाव लिहायचं, दाराबाहेर ठेवायचा, नंबर लागला की फोन यायचा. पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. मी मात्र पीठ आणताना 'जरा बारीक दळाल का' असं विचारायला कमी केलं नाही.

२. टंचाई आपण नेमून दिलेल्या जागी येत नाही. त्या वसंतात देशातली सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. एप्रिलपासून रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य मोफत द्यायचं ठरलं, ते त्याच जोरावर. तुटलं होतं ते मधलं सगळं: ट्रक, ड्रायव्हर, पोती उचलणारे हमाल. मार्केट यार्ड मध्येच बंद झालं. आमच्याकडे साखर होती, मीठ होतं, आणि हिरवी मिरची नव्हती. त्याच सुमारास कोकणातले बागायतदार आंब्याच्या पेट्या थेट सोसायट्यांच्या फाटकाशी आणून देऊ लागले. पोहे मिळत नाहीत पण हापूस दारात येतो, असा तो चमत्कारिक एप्रिल होता.

३. आईची भीती आणि माझी भीती एका घरात राहतात, पण त्यांची ओळख नाही. आई सांगोल्याकडची. तिच्या आजोबांच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. पेव उघडायचं म्हणजे आधी तोंड मोकळं करून आतली वाफ जाऊ द्यायची, मग दोरीने कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. अशा पेवांत माणसं गुदमरून गेलेली आहेत. दुष्काळाच्या गोष्टी ऐकताना मला लहानपणापासून वाटायचं, की एवढं पेव असल्यावर या लोकांना १९७२ ची काय धास्ती? मोठेपणी तिला विचारलं तर म्हणाली, "अरे, त्याच्या आधीची दोन वर्षं कुठं पिकलं होतं? बहात्तरला पेवात मातीच होती." त्यानंतर त्या वाड्यातल्या बायकाही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला ना चव ना लवचिकपणा. पोरांना सुकडी मिळायची आणि ती मात्र आईला अजून आवडते.

हे ऐकल्यापासून माझ्या पोत्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. घरचा साठा एक वर्ष तारून नेतो, फार तर दोन. तिसऱ्या वर्षी रस्त्याचं काम निघावं लागतं, रेशन यावं लागतं, कुणीतरी दुसऱ्या मुलखातून धान्य पाठवावं लागतं. सगळं गाव ज्यामुळे जगलं ते त्या वाड्यात साठवलेलं नव्हतं.

४. धान्य विकत घेता येतं, पण ते पाळावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी किंमत बघत होतो. आमची पिढी दुकानातल्या हवाबंद पिशवीवर वाढलेली. आत जीव आहे, ओल आहे, हे ध्यानातच येत नाही. पहिल्या उत्साहात मी गच्चीवर गहू वाळवला आणि दुपारच्या उन्हातून थेट कोठीत ओतला. आईने कोठीत हात कोपरापर्यंत घातला, बाहेर काढला आणि म्हणाली, "ताप आलाय याला. आधी निवू दे." गरम धान्य बंद केलं की आत घाम धरतं आणि मग किडीला आमंत्रणच. धान्य पुरतं वाळलं का ते ती दाण्यावरून ठरवते: दाताखाली धरायचा, कटकन तुटला तर ठीक, दबला तर पुन्हा ऊन. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात, तांदळाला बोरिक पावडर, तूरडाळीला एरंडेलाचा हात. एरंडेल जास्त झालं तर डाळ शिजताना वास मारतो, कमी झालं तर उपयोग नाही. हे प्रमाण तिच्या तळहातात आहे आणि तिथून ते माझ्या वहीत अजून उतरलेलं नाही.

आणि इतकं करूनही रव्यात जाळी धरतेच. तांदळात सोंडे होतात, शेंगदाणे खवट होतात. ज्वारीचं पीठ जास्त दिवस राहिलं की त्याची विरी जाते, भाकरी थापता थापता चारी बाजूंनी चिरते. भीतीने आणलेल्या मालाकडे आपण भीती ओसरल्यावर ढुंकूनही बघत नाही, आणि किडे नेमकी तीच वेळ साधतात.

५. साठवण हा पैसेवाल्यांचा छंद आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेल पाव किलोने घेतात, चहापत्ती पाच रुपयांच्या पुडीने. त्यांना महिन्याचं गणित येत नाही असं नाही; माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण खोली दहा बाय दहाची, आणि पैसा येतो तसा जातो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार अशी अफवा उठली. ज्या देशाला एवढा समुद्र आहे आणि ज्याचं बहुतेक मीठ एकट्या गुजरातेत पिकतं, त्या देशात! तरी आम्ही पुडे आणले. मावशींनी त्या दिवशी दुकानातून परत येऊन सांगितलं, की मीठ आहे, पण दुकानदार भाव सांगेना. दुकानात मीठ संपलं असतं तर ते आमच्यासारख्यांच्या ओट्याखाली सापडलं असतं. त्यांनी काही म्हटलं नाही. मी एक पुडा पुढे केला, त्यांनी घेतला, आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

६. जगाच्या बातम्या आपल्या कढईपर्यंत येतात. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल आधीच आटलं होतं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. वाचून व्हायचं तेच झालं, पंधरा किलोचा डबा आला. ती बंदी महिनाभरही टिकली नाही आणि पुढे भाव उतरले. आम्ही मात्र चढ्या भावाचं तेल पुरवून पुरवून वापरत बसलो. आईला यातलं सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल तर करडईचं. "आपल्याकडं रानंच्या रानं करडईची. घाण्याचं तेल. आता त्या इंडोनेशियाच्या तोंडाकडं बघायचं?" तिला मी शेतमालाचे भाव, काटेरी पिकाच्या काढणीचा त्रास, मजुरी वगैरे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पटलं नाही.

७. कधी कधी भीती फायद्यात पडते, हेही सांगायला हवं. २० जुलै २०२३ ला सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, आणि न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीने भारतीय दुकानाबाहेर रांग लावली. माणशी एकच पोतं मिळत होतं, म्हणून नवऱ्यालाही रांगेत उभं केलं, मग कॉलेजातल्या मुलालाही. गॅरेजचा फोटो आला, मोटार बाहेर आणि सोना मसुरी आत. मी तिला फोनवर मनसोक्त हसलो. पण तांदळाचं असं आहे, की तो जुना झाला की मोकळा होतो, पाणी जास्त पितो, भात वाढतो. वर्षभराने तिचा भात असा काही फुलायला लागला, की मैत्रिणी दुकानाचं नाव विचारू लागल्या. ती सांगत नाही.

८. या सगळ्यातून मी शहाणा झालो असं मानायला जागा आहे, फक्त तूरडाळ सोडून. २०१५ साली दिवाळीच्या आधी ती किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. व्यापाऱ्यांच्या साठ्यांवर मर्यादा आल्या, गोदामांवर छापे पडले, आणि आमच्याकडे वरणाचं पिठलं झालं. पुढच्या मोसमात शेतकऱ्यांनी भरभरून तूर पेरली, तर २०१७ मध्ये खरेदी केंद्रांपुढे त्यांनाच दिवसचे दिवस ताटकळावं लागलं. भाव पार कोसळलेला. म्हणजे मी डाळ भरून ठेवणं हे कुणाच्याही हिताचं नाही, हे मला कागदावर सिद्ध करता येईल. तरी उन्हाळा आला की लातूरची डाळ येते, बिनपॉलिशची. एरंडेल आई लावते, डब्यावर चिठ्ठी मी लावतो: तारीख, वजन, आणि खाली 'मला विचारल्याशिवाय उघडू नये'. कुणी विचारत नाही.