ठासणीची बंदूक आणि कायदा
(द्वितीय वर्ष, कला)

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. नळीत आधी दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे किंवा गोळी, आणि गजाने ते सारे ठासायचे. ही दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. ‘असल्या आजोबांच्या वेळच्या बंदुकीला परवाना कशाला?’ असे खेड्यापाड्यांत पुष्कळांना वाटते. हे कितपत खरे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. मी कायद्याचा नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी. परंतु आमच्या घरात कायद्याचे पुस्तक उघडणारा मीच पहिला, म्हणून हा खटाटोप.

प्रथम थोडा इतिहास. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगू नये, युरोपियनाला मात्र सूट, असा तो पक्षपाती कारभार होता. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा आला. तो १९६२ पासून अमलात आहे. त्यातला वर्णभेद गेला, परवाना मात्र राहिला.

या कायद्यात बंदुकीची व्याख्या तिच्या वयावर केलेली नाही. स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य शक्तीच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी बनविलेले ते अग्निशस्त्र. म्हणजे ठासणीची बंदूकही त्यात आलीच. कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र कायद्यातून वगळले आहे, पण केव्हा? दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हाच! सारा भार या अटीवर आहे. घोडा गंजला, चाप अडकला, एवढ्याने बंदूक सुटत नाही. लोहाराकडे नेऊन ती चालू होणार असेल, तर परवाना हवाच.

अमेरिकेतील विचार याच्या उलट आहे. तेथील १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘पुराणी’ ठरते आणि तिच्या धर्तीवर आज बनविलेली ठासणीची बंदूकही बहुधा सुटते. आपल्याकडे हुबेहूब जुनी दिसणारी नवी बंदूक बार काढू शकत असेल, तर ती नवी बंदूकच होय. ती बनविण्यासही परवाना लागतो. शोभेच्या नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हाही परवान्यावाचून गुन्हाच आहे.

तथापि हा कायदा शेतकऱ्याला विसरलेला नाही. कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा नावाने उल्लेख आहे. अर्थात बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे. परवाना मिळण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे मला एकोणिसाव्या वर्षी तो मिळणार नाही.

खरी अडचण वारसांची होते. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नव्हे. आजोबा गेले, बंदूक खुंटीवर तशीच राहिली, तर ती बाळगणे त्या दिवसापासून बेकायदा होते. अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कलम २१ सांगते. वारसाला पुढे स्वतःचा परवाना मिळाल्यास ती परत घेता येते, नाहीतर विकता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाजवळ साधारणतः दोनच बंदुका राहू शकतात. वारसाहक्कानेही ही मर्यादा ओलांडता येत नाही. त्याच दुरुस्तीने विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आणि शिवाय दंड अशी केली आहे.

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. पण ज्या घरात अक्षरओळखच उशिरा आली, तेथे हे कलम कोणी वाचून दाखवायचे? माझ्या मते ते काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचे आहे. सुट्टीत गावी गेल्यावर खुंटीवरची बंदूक कोणाच्या नावावर आहे आणि परवान्याची मुदत केव्हा संपते, एवढे प्रत्येकाने जरूर विचारावे.